मिशनरी पोरांची बदली : नवं गाव आणि नवा जोडीदार

युटावासी सोलापूरकर

पांढरा शर्ट, टाय, खिशावर काळी पाटी आणि जोडीजोडीने फिरणारी अठरा-वीस वर्षांची पोरं. परदेशात राहणाऱ्या बऱ्याच जणांनी ही दारात पाहिली असतील. हे एलडीएस चर्चचे, म्हणजे लोक ज्यांना मॉर्मन म्हणतात त्यांचे मिशनरी. मी युटात राहतो, त्यामुळे आमच्याकडे चित्र उलटं आहे. इथे ती दारात येतात कमी आणि दारातून निघतात जास्त. आमच्या गल्लीत दर दोन-तीन घरांआड कुणीतरी मिशनवर (धर्मप्रसाराच्या कामावर) असतं किंवा नुकतंच परत आलेलं असतं.

आधीच सांगतो, मी त्यांच्यातला नाही, होणारही नाही. आमच्या घरी संकष्टीला मोदक होतात आणि शेजारी आवडीने खातात. त्यामुळे धागा धर्माबद्दल नाही, बदलीबद्दल आहे.

समोरच्या घरातला मुलगा सध्या ब्राझीलमध्ये आहे. परवा त्याची आई कचऱ्याचा डबा बाहेर ठेवताना भेटली. म्हणाली, ट्रान्सफर झाली त्याची. मी विचारलं, लांब गेला का? तिला ते नीटसं माहीतच नव्हतं. नकाशा उघडूनही पाहिला नव्हता. तिच्या डोक्यात एकच होतं, की नवा जोडीदार कोण आहे, कुठला आहे आणि आधीच्यासारखा स्वयंपाक करतो का. मला हे गमतीचं वाटलं, म्हणून जरा खोदून विचारलं. तर पद्धत अशी आहे :

मुलगे दोन वर्षं जातात, मुली दीड. देश आपण निवडायचा नाही, पत्र येईल तिकडे जायचं. खर्च स्वतःचा किंवा घरच्यांचा. अमेरिकेतून जाणाऱ्याला महिना ५०० डॉलर भरावे लागतात (जुलै २०२० पर्यंत ४०० होते). टोकियोला नेमणूक झाली काय आणि बोलिव्हियाला झाली काय, आकडा तोच, म्हणजे महागड्या शहरात गेलेल्याच्या आई-बापाचं दिवाळं निघत नाही. जगभर साडेचारशे ते पाचशेच्या आसपास मिशन, म्हणजे या कामाचे विभाग, आहेत. एकेका मिशनवर एक अध्यक्ष असतो, तो बायकोसह तीन वर्षांसाठी येतो. त्याच्या हाताखाली शे-दोनशे पोरं. मिशनचे लहान लहान एरिया पाडलेले असतात आणि एका एरियात साधारण एक जोडी.

दर सहा आठवड्यांनी हा पट पुन्हा मांडतात. पूर्वी अध्यक्षाच्या खोलीत भिंतीवर फळा असायचा, त्यावर सगळ्यांचे फोटो चिकटवलेले. तो प्रार्थना करायचा आणि फोटो इकडचे तिकडे करायचा. आता तेच काम संगणकावर होतं. बहुतेक ठिकाणी शनिवार-रविवारकडे निरोप येतो आणि आठवड्याच्या मधल्या वारी पोरगं दोन बॅगा घेऊन नव्या गावात हजर.

आता खरी मेख. जोडीदाराला सोडून कुठेही जायचं नाही. एकमेकांच्या नजरेत आणि कानाच्या टप्प्यात राहायचं. खोली एक, खाटा दोन. एकटेपणा काय तो न्हाणीघरात. पहिल्या नावाने हाक मारायची नाही, एल्डर अमुक, एल्डर तमुक (मुलींना सिस्टर). जोडीदार निवडता येत नाही आणि नको म्हणायची सोयही जवळजवळ नाही.

मला जाणून घ्यायचंय की सैन्य सोडून अशी पद्धत आणखी कुठे आहे? हॉस्टेलचे रूममेट चालणार नाहीत, तिथे दार ओढून कटिंग मारायला जाता येतं.

बाबूराव

धर्मांतराचा कारखाना आहे हा. कामगारांच्या शिफ्ट कशा लागतात याचं कौतुक कशाला?

युटावासी सोलापूरकर

बाबूराव, कौतुक नाही, कुतूहल आहे. धर्मांतरावर या संकेतस्थळावर दोन हजारी धागे आहेत, तिथे या, मीही येतो.

झेडपी मास्तर

आमच्या जिल्हांतर्गत बदल्यांचं पोर्टल या अध्यक्षांना दाखवा कुणीतरी. वीस वर्षांत माझ्या जेवढ्या बदल्या झाल्या तेवढ्या या पोरांच्या एका वर्षात होतात म्हणायच्या. आणि आंदोलन नाही, विनंती अर्ज नाही, पती-पत्नी एकत्रीकरण नाही! :)

मेलबर्नची मावशी

आमच्याकडे येतात ही मुलं. पहिली जोडी आली तेव्हा एक टोंगाचा होता, चांगला दाराएवढा, आणि दुसरा अमेरिकेतला, आयडाहोचा. मी आपली सवयीने चहा टाकायला निघाले. तर चहा-कॉफी चालत नाही म्हणे. मग काय देणार? कोकम सरबत दिलं. टोंगाच्या मुलाने तीन पेले घेतले.

पुढच्या खेपेला बघते तर टोंगावाला तोच, पण सोबत नवाच मुलगा. तो नवा पायरीवरच घुटमळत होता. टोंगावाला त्याला हळूच सांगत होता, इथे बूट काढायचे, चहा नको म्हणायचं, त्या आणखी दोनदा विचारतील, मग लाल सरबत येईल ते घ्यायचं. मी आतून ऐकत होते. माझं सगळं वागणं त्याने नव्याला पढवून ठेवलं होतं! आयडाहोवाल्याचं विचारलं तर म्हणाला, बदली झाली, बॅलराटला गेला. एवढंच बोलला आणि गप्प बसला. इतर वेळी हा मुलगा गप्प म्हणून बसत नाही.

युटावासी, तुम्ही गेलेल्याबद्दल लिहिलंत. मला जो मागे राहिला त्याचं जास्त वाटलं. गाव तेच, खोली तीच, बाजूच्या खाटेवर मात्र भलताच कुणी.

पापडीकर

मी वसईचा. आमच्या धर्मप्रांतात (१९९८ ला मुंबईपासून वेगळा झाला) फादरांच्या बदल्या मे-जूनमध्ये निघतात. माझे काका धर्मगुरू आहेत, त्यामुळे यादी यायच्या आठवड्यात घरात काय चालतं ते लहानपणापासून बघतोय. तसं पाहिलं तर कॅथलिक कायद्याचा, म्हणजे कॅनन लॉचा रोख उलटा आहे. कलम ५२२ म्हणतं की प्रमुख धर्मगुरूला स्थैर्य असावं, नेमणूक बेमुदत असावी. मुदत ठरवायची तर बिशपांच्या परिषदेने तशी मुभा द्यायला हवी. प्रत्यक्षात काही वर्षं झाली की हलवतातच.

जोडीदाराचा मुद्दा आमच्याकडेही आहे, फक्त इतका कडक नाही. प्रमुख धर्मगुरू आणि त्यांचा सहायक एकाच घरात राहतात. काकांना एका पॅरिशमध्ये (एका चर्चच्या हद्दीत) असे सहायक मिळाले की जे पहाटे चारला उठून मोठ्याने स्तोत्रं म्हणत. काका रात्री दीडपर्यंत वाचणारे. आजी म्हणायची, लग्न केलं असतंस तर निदान बघून तरी केलं असतंस.

निरोप मात्र दणक्यात होतो. जुन्या गावातली माणसं टेम्पो भरून फादरांना नव्या गावापर्यंत पोचवायला जातात आणि तिथल्या लोकांना बजावून येतात, यांना तिखट चालत नाही, सांभाळा. या मॉर्मन पोरांना असं पोचवायला कोण जातं?

युटावासी सोलापूरकर

कुणी नाही. बस, ट्रेन किंवा मिशनची गाडी. आणि बदलीच्या प्रवासातही एकटं सोडत नाहीत, म्हणजे साखळी लावावी लागते. हा त्याला स्टेशनपर्यंत, तिथून तिसरा चौथ्याबरोबर.

तळ्यात मळ्यात

जैन साधू-साध्वी बघा की. एकट्याने विहार करायचा नाही, किमान जोडी हवी. चातुर्मास सोडला तर एका गावी मुक्काम मोजकाच. कोणी कुठे चातुर्मास करायचा आणि कोणाबरोबर, ते आचार्य किंवा गुरू ठरवतात. आमच्या सांगलीत चातुर्मास उठतो त्या दिवशी निम्मा गाव वेशीपर्यंत चालत जातो. फरक एवढाच की ते आयुष्यभराचं आहे, दोन वर्षांचं नाही. आणि त्यांना पायी जायचं असतं, बॅगाच नसतात.

जुनी पाने

धागा आवडला. जोडीदार आणि बदली हा विषय निघालाच आहे तर मुंबईत १८१४ साली आलेल्या एका बदलीची गोष्ट सांगतो. लांबलचक आहे, चहा घेऊन बसा (मॉर्मन असाल तर सरबत).

अमेरिकन बोर्डाने (परदेशी मिशनरी पाठवणारी अमेरिकेतली प्रॉटेस्टंट संस्था) आपले पहिले मिशनरी फेब्रुवारी १८१२ मध्ये दोन जहाजांतून हिंदुस्थानाकडे पाठवले. सेलम बंदरातून निघालेल्या 'कॅराव्हान' जहाजावर दोन तरुण जोडपी होती, अ‍ॅडोनिराम आणि अ‍ॅन जडसन, सॅम्युअल आणि हॅरिएट न्यूवेल. फिलाडेल्फियाच्या 'हार्मनी' जहाजावर गॉर्डन हॉल, सॅम्युअल नॉट आणि त्यांची बायको, शिवाय लूथर राइस. कलकत्त्याला पोचताच कंपनी सरकारने सांगितलं, चालते व्हा. त्यात त्याच उन्हाळ्यात इंग्लंड-अमेरिका युद्ध सुरू झालं, म्हणजे अमेरिकन माणूस आता शत्रूच.

न्यूवेल दांपत्य मॉरिशसच्या वाटेला लागलं. वाटेत समुद्रावरच मुलगी झाली आणि काही दिवसांत गेली. हॅरिएट पोर्ट लुईला ३० नोव्हेंबर १८१२ ला क्षयाने वारली, वय १९. न्यूवेलचा दुसरा जोडीदार जडसन. तो आणि राइस तोवर कलकत्त्यात बाप्टिस्ट या वेगळ्या ख्रिस्ती पंथात गेले होते, म्हणजे बोर्डाशी संबंध संपला. जडसन पुढे ब्रह्मदेशात गेला. वर्ष पुरं व्हायच्या आत न्यूवेलजवळ ना बायको, ना मूल, ना बरोबर निघालेला मित्र. एकटाच सिलोनला जाऊन राहिला.

इकडे हॉल आणि नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले होते. त्यांनाही हाकलण्याचे हुकूम आले. हे दोघे गुपचूप एका गलबतात बसून कोचीनला पळाले, सिलोनला जाऊन न्यूवेलला गाठायचा बेत होता. पकडून परत मुंबईला आणलं. गव्हर्नर सर इव्हान नेपियन माणूस बरा होता, त्याने चालढकल करत त्यांना राहू दिलं, आणि १८१३ च्या नव्या सनदेने मिशनऱ्यांना दारही किलकिलं झालं. मग १८१४ मध्ये न्यूवेलच सिलोनहून मुंबईला आला. त्यांना जायला जमलं नाही, म्हणून हा आला!

पुढच्याच वर्षी नॉट आजारपणामुळे परत गेला. उरले हॉल आणि न्यूवेल. ही जोडी कुणी फळ्यावर फोटो लावून जुळवली नव्हती. बाकीचे गळत गेले, हे दोघे राहिले. मराठी शिकले, शाळा काढल्या, छापखाना घातला, १८१८ मध्ये दोघांनी मिळून एक पुस्तिकाही लिहिली. मे १८२१ मध्ये न्यूवेल पटकीने गेला. हॉलने नंतर पाच वर्षं काढली. तब्येतीपायी बायको-मुलांना १८२५ मध्ये अमेरिकेला पाठवलं होतं. १८२६ च्या मार्चमध्ये तो नाशिक-त्र्यंबककडे फिरत होता, तिथे पटकी पेटलेली, जवळची औषधं वाटून टाकली आणि परतीच्या वाटेवर धोडी-दापूर इथे त्याच रोगाने २० तारखेला मेला. सोबत दोन पोरं (स्वतःची नव्हेत) तेवढी होती, बरोबरीचा मिशनरी कुणी नाही.

मला यात एक गोष्ट फार लागते. यांतला एक माणूस गेला की काम अडायचं, आणि माणसं तर पटापटा मरायची. नवा साथीदार अमेरिकेहून निघून मुंबईला पोचायला निम्मं वर्ष जायचं. आजच्या मॉर्मन पोराला सहा आठवड्यांत नवा जोडीदार मिळतो म्हणून आपण हळहळतो, हॉलला नव्या माणसासाठी महिनोन्‌महिने वाट बघावी लागायची.

कांदेपोहे

__/\__ जुनी पाने, हा स्वतंत्र लेख व्हायला हवा. धोडी-दापूर म्हणजे आताचं दापूर का, सिन्नर तालुक्यातलं?

जुनी पाने

जुन्या लेखांत नाव धोडी-दापूर असं येतं, नाशिकहून कोकणात उतरायच्या वाटेवरचं. सिन्नर ती दिशा नव्हे.

शेवगावची लेक

सिंथिया फरार यांना विसरलात! डिसेंबर १८२७ मध्ये त्या मुंबईत आल्या. अमेरिकन बोर्डाने परदेशी पाठवलेल्या अगदी सुरुवातीच्या अविवाहित बायकांपैकी एक. तेव्हाचे बरेचसे मिशनरी लग्न करूनच निघायचे, म्हणजे जोडीदार घरूनच बांधून यायचा. यांना तोही नाही. मुंबईत मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८३९ मध्ये अहमदनगरला (आता अहिल्यानगर म्हणायचं) गेल्या. त्या नगरला गेल्या नसत्या तर? नगरची त्यांची शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले आणि सावित्रीबाईंनी शिक्षिका होण्याचं प्रशिक्षण त्यांच्याकडे घेतलं. बाईंनी नगरातच १८६२ मध्ये देह ठेवला. बदल्या लोकांच्या होतात, पण कुणाच्या बदलीने कुणाचं भलं होईल ते आदेश काढणाऱ्यालाही ठाऊक नसतं बघा.

सिस्टर नव्हे आता

या संकेतस्थळावर पाच वर्षं फक्त पाककृती वाचते, पहिल्यांदा लिहितेय. मी पुण्याची, एलडीएस आहे, आणि मिशन केलंय. बेंगळुरू मिशनमध्ये, दीड वर्षं, बहुतेक काळ आंध्रात. हो, आहेत आमच्यासारखी मराठी माणसं, मोजकी. बाबूराव, तुमच्या प्रश्नांना इथे उत्तर देत नाही, पण माहितीसाठी : भारतात आम्ही दारोदार फिरत नव्हतो. सभासदांच्या ओळखीतूनच कुणाकडे जायचो.

युटावासी काकांनी नियम बरोबर लिहिलेत. आतून कसं असतं ते सांगते.

राजमुंद्रीहून विशाखापट्टणमला माझी बदली झाली. पॅसेंजर गाडीतून उतरले तर फलाटावर चार-पाच जोड्या उभ्या. तिथेच अदलाबदल होते. इकडची तिकडे, बॅगा इकडून तिकडे, एक फोटो, संपलं. माझी नवी जोडीदार चेन्नईची होती. तिने माझी जड बॅग उचलली आणि पुढे चालायला लागली, नाव-गाव काही विचारलं नाही. रिक्षात बसल्यावर म्हणाली, पाणी सकाळी साडेपाच ते साडेसहाच येतं, तू आधी आंघोळ करणार की मी? आमचं पहिलं बोलणं हे.

घरी गेल्यावर तिने फडताळ दाखवलं. वरचा कप्पा तिचा, खालचा रिकामा करून पुसून ठेवलेला, खाली वर्तमानपत्र अंथरलेलं. मी माझा शेंगदाण्याच्या कुटाचा डबा ठेवला. तिच्या कप्प्यात चिंचेचा गोळा, सांबार पावडर आणि तांदूळ, तांदूळ, तांदूळ. मला पोळी लागते. तिला पोळी म्हणजे आजारी माणसाचं जेवण. पहिले दोन आठवडे दोघींनी वेगवेगळं शिजवलं, एका शेगडीवर, आळीपाळीने. वेळ कुठला पुरतोय! शेवटी ठरलं, सकाळी तिचं, रात्री माझं. मग ती रसमच्या भातावर कूट घालून खायला लागली. पुण्यात सांगितलं तर कुणाचा विश्वास बसत नाही.

एरियाचं म्हणाल तर तो आठवड्यात कळतो. एरिया बुक असतं, आता ते फोनमधल्या अ‍ॅपमध्ये आहे. कुणाला कधी भेटलो, काय बोललो, घरी कोण आजारी आहे, कुठल्या वारी जाऊ नये, सगळं आधीच्यांनी लिहून ठेवलेलं. माझ्या आधीच्या सिस्टरने एका घरापुढे लिहिलं होतं, 'कुत्रा बांधलेला दिसतो, पण दोरी लांब आहे.' खरंच होती.

जोडीदाराचं मात्र बुक नसतं. म्हणून आठवड्यातून एकदा समोरासमोर बसून बोलायचा नियम आहे, त्याला इन्व्हेंटरी म्हणतात. आधी एकमेकींचं काय चांगलं ते सांगायचं, मग काय खटकतं ते. ऐकायला सोपं वाटतं. पहिल्याच वेळी ती म्हणाली, तू जेवताना एक शब्द बोलत नाहीस, मला रोज वाटतं तू माझ्यावर चिडलीयस. मी थक्क. आमच्या घरी आजोबांसमोर ताटावर बोलायची टाप नव्हती, ती सवय. मी तिला सांगितलं, मी तेलुगूत अडखळले की तू माझं वाक्य पुरं करतेस, मग मला पुढचं वाक्य सुचतच नाही. ती रडली. मग मी रडले. मग साडेदहाला दिवे बंद, कारण तोही नियम.

आणि मेलबर्नच्या मावशी, तुमचं शंभर टक्के खरं. तिला काकिनाड्याला हलवलं, मी तिथेच राहिले. नवीन सिस्टर आली. मी तिच्यासाठी खालचा कप्पा पुसला आणि वर्तमानपत्र अंथरलं. पण ज्या घरी जाऊ तिथे दार उघडताच लोक माझ्यामागे बघायचे आणि विचारायचे, "आ अक्का एक्कडा?" ती ताई कुठंय? नवीन बिचारी तिथेच उभी, हसत. ती मनाने चांगलीच होती, पण पहिले पंधरा दिवस मी तिच्याशी नीट वागले नाही असं तिने इन्व्हेंटरीत सांगितलं, आणि ते तिने बरोबरच सांगितलं. जी येते तिचं स्वागत होतं. जी राहते तिची बदली झाल्याचं कुणाच्या खिजगणतीत नसतं.

मेलबर्नची मावशी

अगं लिहीत जा की. किती छान लिहिलंयस. कूट-रसमभाताची पाककृती टाक आधी.

कांदेपोहे

+१. आणि दोघींचं अजिबातच पटलं नाही तर? अध्यक्षांकडे जाता येतं का?

सिस्टर नव्हे आता

जाता येतं. दर आठवड्याला अध्यक्षांना पत्र लिहायचं असतं, ते दुसरं कुणी वाचत नाही. धोका असेल, मारहाण, छळ असं काही, तर त्याच दिवशी हलवतात. नुसतं पटत नाही म्हटलं तर बहुतेक उत्तर येतं, सहा आठवडे तर आहेत. आणि खरंच, तारीख माहीत असली की निभावतं. मला वाटतं सगळी व्यवस्था त्या तारखेवर उभी आहे. वाईट जोडीदार असेल तर दिवस मोजता येतात आणि चांगला असेल तर वाया घालवायचे नाहीत हे कळतं. एखादी जोडी चार-पाच महिने टिकतेही.

भाषाही मजेशीर आहे पोरांची. पहिले बारा आठवडे शिकवणारा तो ट्रेनर, त्याला 'बाबा' किंवा 'आई' म्हणतात. घरी परतायच्या आधीचा शेवटचा जोडीदार म्हणजे ज्याने तुम्हाला 'मारलं' तो. एरियातले दोघेही एकदम बदलून दोन नवे टाकले तर त्याला व्हाइटवॉश. त्यात खरी फजिती. एरिया बुक असून किल्ली कुठल्या शेजाऱ्याकडे आहे हेच माहीत नसतं.

बाबूराव

ताई, माझे आक्षेप कायम आहेत. पण एक विचारतो. एकट्याला न पाठवता जोडीने पाठवतात ते एकमेकांवर पाळत ठेवायला, असं नाही का?

सिस्टर नव्हे आता

तेही आहे. नाही म्हटलं तर खोटं ठरेल. एकटी असते तर मी दोन वेळा तरी गाडी पकडून पुण्याला आले असते. कुणीतरी बघतंय म्हणून राहिले. पण एका रात्री ताप चढला तेव्हा त्याच पाळत ठेवणारीने कपाळावर पट्ट्या ठेवल्या, आणि घराबाहेर पडता येत नाही म्हणून तिचाही दिवस बुडाला. सुरक्षितता, साक्षीदार, पाळत, सोबत, सगळं एकाच माणसात येतं. वेगळं काढता येत नाही.

पापडीकर

मूळ बायबलातलंच आहे ते. मार्क ६:७, येशू बारा जणांना दोघे-दोघे करून पाठवतो. आणि जोडी फुटल्याचा पहिला किस्साही तिथेच, प्रेषितांची कृत्ये, अध्याय १५. पौल आणि बर्णबा पुन्हा दौऱ्यावर निघणार, बर्णबा म्हणतो मार्कला बरोबर घेऊ, पौल म्हणतो मुळीच नको, मागच्या खेपेला तो अर्ध्यातून परत गेला. इतकं कडाक्याचं भांडण झालं की बर्णबा मार्कला घेऊन सायप्रसला गेला आणि पौल सीलाला घेऊन सीरियाकडे. काका हा भाग प्रवचनात घ्यायला फार उत्सुक असायचे, ते पहाटेचे स्तोत्रवाले सहायक समोर बसलेले असताना.

झेडपी मास्तर

=))

युटावासी सोलापूरकर

पापडीकर, काकांना भेटायला हवं एकदा.

एक राहिलं. पुण्याचा विषय निघाला म्हणून सांगतो, मॉर्मन मिशनरी पुण्यात पहिल्यांदा आले ते हल्ली नाही. ह्यू फिंडले नावाचे स्कॉटिश गृहस्थ १८५२ मध्ये मुंबईत उतरले. मुंबईतल्या इतर पाद्र्यांनी आणि वृत्तपत्रांनी त्यांना धारेवर धरलं, मग पुण्याला गेले. मराठी शिकले, लहानशी मंडळी जमवली, लष्करी छावणीत मात्र त्यांना मज्जाव झाला. एकटेच होते. पुढच्या वर्षी त्यांचे सख्खे भाऊ अ‍ॅलन आले. त्याच १८५३ साली युटाहून निघालेले तेरा मिशनरी कलकत्त्याला पोचले आणि तिथून पांगले. त्यांतले मसर आणि लेनर्ड हे दोघे कराचीपर्यंत गेले. सयामसाठी चौघे नेमले होते, पण बँकॉकला १८५४ मध्ये पोचला एकटा एलाम लडिंग्टन. बाकीच्यांना जहाजं मिळेनात, ब्रह्मदेश-सिलोनमध्येच अडकले. फिंडले बंधू १८५५ मध्ये परत निघाले आणि पुढे सगळंच गुंडाळलं. तेव्हा पैसाअडका न घेता निघायची पद्धत होती, लोक जेवू घालतील त्यावर जगायचं. छावणीतून हाकललेल्या गोऱ्याला पेशव्यांच्या पुण्यात कोण जेवू घालणार?

कांदेपोहे

पुण्यात दुपारी एक ते चार गेले असतील :P

जुनी पाने

युटावासी, फिंडले यांच्यावर सविस्तर लिहा. मुंबईच्या पाद्र्यांशी त्यांचा जो वाद झाला त्यात अमेरिकन मिशनवाले कुठे होते, हे मला बघायचंय. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

मेलबर्नची मावशी

सिस्टर, मला एक सांग बाई. त्या एरिया बुकात माझंही नाव असेल का?

सिस्टर नव्हे आता

नक्की असेल, मावशी. पत्ता, भेटीच्या तारखा आणि शेरा. नको असेल तर पुढच्या जोडीला सांगा, तसं नोंदवून ठेवतात, पुन्हा येणार नाहीत.

मेलबर्नची मावशी

नको नको, येऊ देत. शेरा काय लिहिलाय तेवढं कळलं असतं तर बरं झालं असतं. विचारूनच बघते आता टोंगावाल्याला, त्याची बदली व्हायच्या आत.